जन्माचा डोस प्रसूतिकक्षातच द्या : मुंबई महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, सार्वजनिक आरोग्य खाते,
आणि मुंबईतील खासगी प्रसूतिगृहांचे चालक

स. न. वि. वि.

शनिवारी दुपारी ३ वाजता जन्मलेले बाळ धरा. लसीकरणाची खोली तोवर बंद होत आलेली असते. रविवारी ती उघडत नाही. सोमवारी सकाळी १० वाजता किल्ली येते, फ्रिज उघडतो आणि बाळाला हेपटायटिस बीची (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवरची) पहिली लस मिळते. तोवर ४३ तास झालेले असतात. सोमवारी गणपती बसणार असतील तर मंगळवार उजाडतो आणि ६७ तास होतात. ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर देता येईल तितकी लवकर द्यायची असते. कार्डावर मात्र फक्त तारीख लिहायची पद्धत आहे. त्यामुळे उशीर कागदावर कुठे दिसतच नाही. काही ठिकाणी याच्या उलट होते. ‘चोवीस तास उलटले, आता द्यायची नाही’ म्हणून लस टोचलीच जात नाही आणि बाळ दीड महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटपर्यंत (हेप बीसह पाच रोगांवरच्या एकत्रित लसीपर्यंत) तसेच राहते.

आम्ही प्रसूतिकक्ष, लसीकरण, प्रयोगशाळा आणि यकृतविकार विभागांत काम करणारी माणसे आहोत. आमची मुख्य मागणी एकच आहे. जन्माच्या वेळची ही लस लसीकरण खोलीची जबाबदारी न ठेवता प्रसूतिकक्षाची करावी. नाळ कापणे, बाळ पुसणे, वजन घेणे, व्हिटॅमिन के देणे ही कामे जशी रविवार, रात्र, सण बघत नाहीत, तसेच हेही काम व्हावे.

चोवीस तासांचाच आग्रह का, हे आधी सांगतो, कारण हे ठाऊक नसल्यामुळेच ‘उद्या देऊ’ म्हटले जाते. बाळंतपणात आईचे रक्त आणि स्राव बाळाच्या अंगाला, डोळ्यांना, तोंडाला लागतात. बहुतेक बाळांना लागण होते ती याच वेळी. विषाणू यकृतात पाय रोवायला वेळ घेतो. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ सरासरी अडीच महिन्यांचा असतो. या उसंतीमुळेच विषाणू अंगावर आल्यानंतर दिलेली लसही कामी येते. पण ही शर्यत आहे. बाळाचे स्वतःचे, विषाणूशी लढणारे प्रतिपिंड तयार होण्याआधी विषाणू पेशींत स्थिरावला तर पुढचे डोस त्याला हलवू शकत नाहीत.

मोठ्या, धडधाकट माणसाला हेपटायटिस बीची लागण झाली तर १०० पैकी ९५ हून जास्त जण सहा महिन्यांत विषाणू झटकून टाकतात. नवजात बाळाचे गणित नेमके उलटे आहे. लागण झालेल्या १० बाळांपैकी ९ जणांच्या शरीरात तो कायमचा राहतो. बाळाला ताप येत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, वजन नीट वाढते, शाळेत नाव घातले जाते. मग पस्तिशीत किंवा चाळिशीत पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, किंवा सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसते. बालपणी लागण होऊन विषाणू कायम राहिलेल्या १०० जणांपैकी १५ ते २५ जण सिरॉसिसने (यकृत वणांनी कडक होण्याने) किंवा यकृताच्या कर्करोगाने जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात २ कोटी ९८ लाख लोक हेपटायटिस बी घेऊन जगत होते.

हे ज्ञान कुठून आले, तेही आपल्यासमोर ठेवावेसे वाटते. मुंबईतल्या कितीतरी प्रयोगशाळांच्या छापील फॉर्मवर अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव दिसते. अमेरिकेतले बरूच ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकात निरनिराळ्या लोकसमूहांचे रक्त तपासत होते. वारंवार रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातले प्रतिपिंड ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटले. म्हणून हे नाव पडले. ते प्रथिन म्हणजे हेपटायटिस बीच्या विषाणूचे बाहेरचे कवच, आजचे एचबीएसएजी. १९६९ मध्ये ब्लूमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी त्याच कवचापासून लस करण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हेपटायटिस दिन म्हणून पाळला जातो, आणि आपला राष्ट्रीय विषाणुजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २८ जुलै २०१८ लाच सुरू झाला.

पण प्रसूतिकक्षाच्या दृष्टीने आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते पामर बीझली यांचे तैवानमधले काम. त्यांनी २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला. त्यांतल्या ३,४५४ जणांच्या रक्तात एचबीएसएजी होते, १९,२५३ जणांच्या नव्हते. १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा यकृताच्या कर्करोगाचे ४१ मृत्यू नोंदले गेले होते, आणि त्यांपैकी ४० एचबीएसएजी असलेल्यांच्या गटातले होते. जोखीम २२३ पट. एका विषाणूचा आणि एका कर्करोगाचा इतका थेट संबंध त्याआधी क्वचितच दिसला होता. बीझली यांच्याच गटाने दाखवून दिले की हा विषाणू आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो, आणि पुढे हेही, की जन्मताच लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंड) दिले तर दहापैकी नऊहून जास्त बाळे वाचतात. १९८४ मध्ये तैवानने बाधित मातांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९८६ पासून सगळ्याच नवजात बाळांना. त्यानंतर ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले. लस देऊन कर्करोग कमी झाल्याचे जगाने पहिल्यांदा पाहिले ते इथे. त्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर लगेच टोचलेला होता.

आपल्याकडे लस आहे. १९९७ पासून ती देशातच तयार होते आणि २०११ पासून देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात मोफत मिळते. अडते ते तासांत आणि दारांत.

पहिले दार फ्रिजचे. लस प्रसूतिकक्षाला लागून असलेल्या फ्रिजमध्ये हवी आणि त्याची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे हवी. त्यावर लगेच हरकत येते की कुपी १० डोसची आहे, एका बाळासाठी फोडली तर नऊ डोस वाया जातील. ही भीती निराधार आहे. केंद्र सरकारच्या खुल्या कुपीच्या धोरणात हेपटायटिस बीची लस बसते. बीसीजी किंवा गोवर-रुबेलासारखी ती चार तासांत टाकून द्यावी लागत नाही. फोडलेली कुपी २८ दिवस वापरता येते. अटी इतक्याच : ती २ ते ८ अंशांत राहिलेली असावी, गोठलेली नसावी, मुदत संपलेली नसावी, व्हीव्हीएमचा (कुपीवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा) आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असावा आणि रबरी बूच पाण्यात बुडालेले नसावे. कुपी फोडताक्षणी लेबलवर बॉलपेनने ‘उघडली १४/७, रात्री २.१०’ असे लिहायचे. पहाटेच्या सिस्टरला मग विचारावे लागत नाही. महिन्याला सात-आठ बाळंतपणे होणाऱ्या लहान प्रसूतिगृहात २८ दिवसांत दोन-तीन डोस वाया जातील. जाऊ द्यावेत. ज्यांना तेही नको त्यांनी ०.५ मिलीच्या एका डोसच्या कुप्या ठेवाव्यात.

खरे नुकसान कुपी फोडून होत नाही, गोठवून होते, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. या लसीत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. उणे अर्ध्या अंशालाच ती गोठते. एकदा गोठली की क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात, अँटिजेन त्यांच्यापासून सुटते आणि लस निकामी होते. वितळल्यावर ती नुसत्या नजरेला जवळजवळ पहिल्यासारखीच दिसते. व्हीव्हीएमचा रंगही बदलत नाही, कारण ती खूण उष्णतेची आहे, थंडीची नाही. खासगी प्रसूतिगृहात घरगुती फ्रिज असतो आणि लस ठेवली जाते फ्रीझरच्या लगेच खाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून, कारण ‘तिथे जास्त गार राहते’. तिथेच ती गोठते. जागा मधल्या कप्प्यात हवी, भिंतीपासून दोन बोटे दूर. दारात नको, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडते. त्याच फ्रिजमध्ये जेवणाचे डबे आणि दूध नको. आयएलआर (लसींसाठीचा खास फ्रिज) असेल तर लस तळाशी न ठेवता वरच्या टोपलीत ठेवावी. थर्मामीटरवरचे तापमान दिवसातून दोनदा लिहावे, रविवारीही. कॅरियरमध्ये लस न्यायची असेल तर आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट भरू नयेत. वर दव जमू द्यावे आणि हलवल्यावर आतला बर्फ खुळखुळला पाहिजे.

गोठल्याची शंका आली तर शेक टेस्ट करावी. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवायची, सकाळी वितळू द्यायची. ती आणि शंकेची कुपी एकाच हातात धरून जोरात हलवायच्या आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवायच्या. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर खाली बसतो आणि वर पाणी निवळते. शंकेच्या कुपीतही तितक्याच वेगाने तसे झाले तर ती टाकून द्यायची. ती सावकाश निवळत असेल, सारखी दुधाळ राहत असेल तर वापरायची. ही चाचणी प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या सिस्टरला एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघायला मिळावी. तक्ता भिंतीवर लावून ती कळत नाही.

टोचणे सोपे आहे. कुपी हलवायची, ०.५ मिलीच्या ऑटो-डिसेबल (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजने मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या अंगाला, स्नायूत द्यायची. कुल्ल्यावर नाही. बाळाला तासाभरात व्हिटॅमिन केचे इंजेक्शन दिलेच जाते. लस त्याच ट्रेमध्ये ठेवली तर विसरायला वाव राहत नाही. एका मांडीत व्हिटॅमिन के, दुसरीत लस. बीसीजी आणि पोलिओचे थेंब एकत्र देण्यासाठी ही लस मागे ठेवू नये. ते दोन्ही थांबू शकतात, ही थांबू शकत नाही.

लस पुढे ढकलण्यासाठी जी कारणे सांगितली जातात, त्यांतले जवळजवळ एकही कारण खरे नसते. सिझेरियन झाले, बाळ दोन किलोच्या आत आहे, दिवस भरायच्या आत जन्मले, आईला ताप आहे : यांपैकी काहीही अडसर नाही. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले की घरची माणसे आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात, ‘कावीळ आहे, काविळीची लस नको.’ नवजात बाळाचे ते पिवळेपण बहुधा बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याच्या कच्च्या यंत्रणेमुळे येते. त्याचा या विषाणूशी संबंध नाही आणि लसीने ते वाढत नाही. अतिशय अस्थिर बाळ एनआयसीयूत असेल तर तेवढ्यापुरते थांबावे, स्थिर झाले की त्याच दिवशी द्यावे. दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘हेप बी दिली/राहिली’ हे वेळेसह लिहावे. अशा हलवाहलवीत ही लस सर्वांत जास्त हुकते. आणि काही कारणाने २४ तास उलटलेच, तर आई बाधित असताना बाळाला लस नाकारू नये. उशिरा दिलेली लस कमी उपयोगी पडते, पण पडते.

आईची तपासणी हे दुसरे दार. पहिल्या भेटीत, नाव नोंदवताना हिमोग्लोबिन, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी) यांच्याबरोबरच एचबीएसएजी व्हावे आणि निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर चिकटावा. नुसता फाइलमध्ये नको. फाइल रुग्णालयात राहते, कार्ड बाईबरोबर जाते. कार्ड टेस्टमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या झटपट चाचणीत, दोन चुका वारंवार होतात. पावसाळ्यात कार्डाचे पाऊच आधीच फोडून ओळीने मांडून ठेवतात. मुंबईची जुलैमधली हवा त्या पट्टीला ओल धरायला पुरेशी आहे. मग रक्त नीट चढत नाही आणि रेषा उमटत नाही. पाऊच रक्त घेतल्यावरच फोडावे. दुसरी चूक वेळेची. किटवर दिलेल्या मिनिटांतच निकाल वाचायचा असतो, तासाभराने उगवलेली रेषा धरायची नाही. वेळेत उमटलेली रेषा फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच, आणि तिची एलायझाने (प्रयोगशाळेतल्या तपासणीने) खात्री करायची. नाव न नोंदवता थेट कळा येऊनच आलेल्या बाईची प्रसूतिकक्षातच कार्ड टेस्ट करावी, पण बाळाची लस त्या निकालासाठी रोखू नये. लस सगळ्यांनाच द्यायची आहे.

आई पॉझिटिव्ह निघाली तर बाळाला लसीबरोबर हेपटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे एचबीआयजी, द्यायचे : ०.५ मिली, १०० युनिट, जमल्यास १२ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत, वेगळ्या सिरिंजने. ते तयार प्रतिपिंड असते. लसीला काम सुरू करायला लागणारे दिवस ते भरून काढते. बाजारात त्याची किंमत काही हजार रुपये आहे आणि रात्री ते मिळवायला वडील केमिस्टमागून केमिस्ट पालथे घालतात. राष्ट्रीय कार्यक्रमात ते मोफत देण्याची तरतूद आहे. म्हणून आमची विनंती आहे की कुठल्या रुग्णालयात किती कुप्या शिल्लक आहेत याची यादी प्रत्येक प्रसूतिकक्षात लागावी, आणि रात्री कुपी पाठवण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसावर असावी. बाळाच्या वडिलांना टॅक्सीने पाठवणे ही व्यवस्था म्हणता येत नाही.

ज्या आईच्या रक्तात विषाणू फार जास्त असतो तिच्या बाळाला लस आणि एचबीआयजी दोन्ही देऊनही लागण होऊ शकते. एचबीई अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असलेल्या आयांच्या बाबतीत काहीच केले नाही तर १० पैकी ७ ते ९ बाळांना लागण होते. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासायचा. मिलीलीटरमागे २ लाख आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून, म्हणजे २८ व्या आठवड्यापासून, टेनोफोविर या विषाणुरोधक औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, निदान बाळंतपणापर्यंत. व्हायरल लोड आणि एचबीई अँटिजेन या दोन्हींची सोय नसेल तर सगळ्याच एचबीएसएजी पॉझिटिव्ह गरोदर बायकांना ती देण्याचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२४ पासून सांगते. रक्त तिसाव्या आठवड्यात घेतले आणि अहवाल तेहतिसाव्यात आला तर त्या औषधाला कामाला अवधीच उरत नाही.

आणि मुंबईची खरी गाठ इथे पडते. सातवा महिना लागला, ओटी भरली, की मुलगी माहेरी निघते : कुडाळला, चिपळूणला, कराडला, किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसवरून उत्तरेच्या गाडीने गोरखपूरला. गोळी सुरू करायची वेळ आणि गाव गाठायची वेळ एकच. तपासणी मुंबईत होते, बाळंतपण दुसरीकडे, आणि तिथल्या प्रसूतिगृहाला काही कळत नाही. हे माहेर थांबवायचे नाही, थांबवूही नये. तिला निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या, कार्डावर चिकटवलेला निकाल, आणि एक चिठ्ठी द्यावी : ‘बाळाला जन्मताच हेप बी लस, १२ तासांत एचबीआयजी.’ चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत असावी. आपल्या आरोग्यसेविकेने नवव्या महिन्यात एक फोन करावा. याला नवीन निधी लागत नाही, ठरवून दिलेली जबाबदारी लागते.

पॉझिटिव्ह शब्दाने घरात काय होते ते आपल्या खात्याला ठाऊक आहे. सुनेने बाहेरची पाणीपुरी खाल्ली म्हणून झाले असे म्हणतात. दूषित पाण्या-अन्नातून येते ती ए आणि ई कावीळ. बी येते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून. तिचे डोळे पिवळे नसतानाही गळ्यात काविळीची माळ घालतात, झाडपाल्याचा काढा पाजतात. काही झाडपाल्यांनी यकृताला इजाच होते. रुग्णालयेही मागे नाहीत. फाइलवर लाल शाईने मोठी अक्षरे, वेगळ्या किटचे वेगळे पैसे, आणि ‘इथे होणार नाही, मोठ्या हॉस्पिटलला जा’. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो हे खरे. म्हणूनच काळजी प्रत्येक बाळंतपणात सारखीच घ्यायची असते, कारण अनेकदा कुणाला काय आहे ते माहीत नसते. हातमोजे, गॉगल, सुया जागच्या जागी कापणे, सांडलेल्या रक्तावर एक टक्का हायपोक्लोराइट, आणि प्रसूतिकक्षातल्या सिस्टरपासून आयाबाईपर्यंत प्रत्येकाचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस पूर्ण. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी त्यांचे प्रतिपिंड मोजावे. लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय युनिटांच्या वर असले म्हणजे झाले. कंत्राटी सफाई कामगारांना यातून वगळले जाते, ते बंद व्हावे. सुई त्यांनाच सर्वांत जास्त टोचते.

आईने बाळाला पाजावे. बाळाला लस मिळाली की अंगावर पाजायला हरकत नाही. वरचे दूध सुरू करून तिला तोडू नये.

बाळाचे शेवटचे दार नवव्या महिन्यात येते आणि ते बहुतेक वेळा उघडतच नाही. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट झाले की सगळे झाले असे वाटते. बाधित आईच्या बाळाची ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (त्याविरुद्धचे प्रतिपिंड) ही तपासणी झाल्याशिवाय ते वाचले की नाही हे कळत नाही. त्याआधी करण्यात अर्थ नाही. नाळेच्या रक्तात आईचे रक्त मिसळलेले असते. लस दिल्यावर तीन आठवड्यांपर्यंत लसीतलेच अँटिजेन बाळाच्या रक्तात दिसू शकते. पाचव्या-सहाव्या महिन्यात एचबीआयजीचे उसने प्रतिपिंड अजून फिरत असतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या डोससाठी बाळ केंद्रावर येतेच. त्याच दिवशी दोन मिली रक्त घ्यावे. दुसरी फेरी लावली तर आई कामावरची रजा कुठून आणणार? या तपासणीची आठवण कार्डावर गोवर-रुबेलाच्या रकान्याशेजारी जन्मालाच शिक्का मारून करून ठेवावी.

आईचे स्वतःचे यकृत या सगळ्यात मागे पडते. बाळंतपणानंतर ती सुटते आणि पुन्हा येत नाही. टेनोफोविर थांबवले असेल तर पुढचे सहा महिने एसजीपीटी (यकृताची तपासणी, हिलाच एएलटीही म्हणतात) बघत राहायला हवे, कारण विषाणू पुन्हा उसळू शकतो. बाळंतपणाचा काळ सरल्यावर तिचे एएसटी, एएलटी, प्लेटलेट आणि सोनोग्राफी करावी. एएसटी आणि प्लेटलेट या साध्या आकड्यांवरून एपीआरआय (यकृतातल्या वणांचा अंदाज देणारा आकडा) काढता येतो. एएसटीला प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेने भागायचे, मग हजारांतल्या प्लेटलेटने भागायचे, आणि शंभराने गुणायचे. एएसटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख असतील तर उत्तर येते २. आकडा ०.५ च्या वर गेला की यकृतात वण धरू लागल्याची आणि १ च्या वर गेला की सिरॉसिसची शंका घेऊन तिला पुढे पाठवायचे. त्यासाठी ना बायोप्सी लागते ना महागडे यंत्र. नवऱ्याची आणि आधीच्या मुलांचीही एचबीएसएजी तपासणी त्याच वेळी करून घ्यावी, आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस.

आता आपल्या हातात काय आहे ते. केईएम, नायर, शीव, कूपर, उपनगरांतली रुग्णालये आणि आपली प्रसूतिगृहे ही थेट आपल्याच आदेशाने चालतात. तिथे प्रसूतिकक्षात लस ठेवण्याचा आदेश एका परिपत्रकाने निघू शकतो. खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी आणि नूतनीकरण महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली आपल्याच वॉर्डच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. नूतनीकरणाच्या तपासणीत तीन गोष्टी बघाव्यात : प्रसूतिकक्षाजवळ चालू थर्मामीटर असलेला फ्रिज, त्यात मुदतीतली हेप बीची कुपी, आणि मागच्या महिन्यातल्या पाच बाळांच्या नोंदी. त्या नोंदींत जन्माची वेळ आणि लसीची वेळ दोन्ही असाव्यात. आमची सर्वांत कळकळीची विनंती या दोन वेळांची आहे. कार्डावर, प्रसूतिकक्षाच्या रजिस्टरमध्ये आणि यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी डिजिटल नोंदवहीत) नोंद करताना तारखेबरोबर तास-मिनिटेही लिहा. मग वॉर्डनिहाय एक साधा आकडा काढता येईल : त्या महिन्यात जन्मलेली बाळे किती, आणि २४ तासांच्या आत लस मिळालेली किती. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जन्मलेल्यांचा आकडा वेगळा काढा. कुठल्या वॉर्डात किल्ली कुणाकडे नसते ते तिथेच दिसेल. हा आकडा दर महिन्याला महापालिकेच्या संकेतस्थळावर लावावा.

खासगी प्रसूतिगृहांच्या चालकांना वेगळे सांगायचे ते एवढेच. ही लस बाळाच्या डॉक्टरच्या पहिल्या भेटीवर सोपवू नका. ती भेट अनेकदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते. तुमच्या बाळंतपणाच्या छापील ऑर्डरमध्ये व्हिटॅमिन केच्या खालची ओळ हेप बीची असू द्या, म्हणजे ती द्यायला डॉक्टरला शोधावे लागणार नाही.

प्रसूतिकक्षातल्या सिस्टरांना शेक टेस्ट आणि टोचणी शिकवायला, फ्रिज तपासायला आणि चिठ्ठीचा मसुदा करायला आमच्यातले कुणीही आपल्या सवडीने, कुठल्याही वॉर्डात यायला तयार आहे. एम-पूर्व वॉर्डपासून सुरुवात केली तर बरे, कारण तिथून बाळंतपणासाठी बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून इथे येणाऱ्या, दोन्ही बायका आम्हाला सर्वांत जास्त भेटतात.

कळावे,

आपले नम्र,
मुंबईतल्या प्रसूती, लसीकरण, प्रयोगशाळा व यकृतविकार विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ